विमायोग्य हित

"ज्याच्या जाण्यानं तुमचं खरंखुरं नुकसान होतं, त्याच्यातच तुमचं विमायोग्य हित," उत्तमसिंग सर म्हणाले आणि त्यांनी ते दोन शब्द फळ्यावर लिहून खाली रेघ ओढली. वसमतच्या मोंढ्यापलीकडं, बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत अकरा बायका आणि सहा पुरुष विमा एजंटाच्या परीक्षेच्या वर्गाला बसले होते. शिला खिडकीजवळ होती. चार दिवस ती असे शब्द वहीत उतरवत होती. हप्ता, विमा रक्कम, वाढीव मुदत, समर्पण मूल्य. शब्द नवे होते पण तिला त्यांची भीती वाटत नव्हती. भावाच्या हळद दळायच्या कांडपावर गिऱ्हाईक पोतं घेऊन आलं की त्यात हात घालून ती एखादं हळकुंड मोडून बघायची, तसा ती प्रत्येक शब्द मोडून बघायची आणि आतला रंग पटला की पुढं जायची. सर उदाहरणं सांगत होते. बायकोचं नवऱ्यात हित असतं. नवऱ्याचं बायकोत असतं. मालकाचं कामाच्या माणसात असतं, कारण ते माणूस गेलं तर धंदा अडतो. शिलाचा हात वर गेला तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. कुरुंद्याच्या शाळेत दहावीला असताना तिनं शेवटचा हात वर केला होता.

"सर, बहिणीचं भावात?"

"नुसतं भाऊ-बहीण आहे म्हणून नाही बनत, शिलाबाई." सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमचे मिस्टर आहेत ना? त्यांच्यात बनतं. भावावर तुम्ही अवलंबून असाल, तर कंपनी विचार करेल. तुमची स्वतःची कमाई काही?"

"न्हाई."

"बस, मग तुम्ही अवलंबून."

सर पुढच्या मुद्द्यावर गेले. शिलाच्या पेनाची शाई मात्र त्या जागी थांबून कागदावर निळा ठिपका मोठा होत राहिला. अवलंबून. तिच्या बोटांच्या नखांत कायमचा पिवळा रंग होता, कितीही लिंबू चोळलं तरी न जाणारा, आणि तिनं तो हात नकळत वहीखाली घेतला, जणू कुणी तो बघून म्हणेल की हा कुठला अवलंबून असलेल्या बाईचा हात. सकाळी सातला कांडपाचं शटर ती उघडायची. पट्टा ती चढवायची, गिऱ्हाइकांची पोती ती लावून घ्यायची, कुणाची हळद कुणाच्यात मिसळू नये म्हणून दोन घाण्यांच्या मधे यंत्र ती झाडायची. भाऊ बालाजी दहाला यायचा, गल्ल्यावर बसायचा, मोंढ्यात जायचा, जेवून यायचा. या वर्गालाही त्यानंच तिला धाडलं होतं. वर्ग फुकट आहे, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, चार पॉलिश्या काढल्या तर घरात हातभार लागेल, असं म्हणाला होता. हातभार. म्हणजे आजवर तिचा हात कुठं होता?

वर्ग सुटल्यावर ती रस्त्यानं चालत राहिली. मोंढ्याकडं हळदीच्या गाड्या लागल्या होत्या, हवेत ती कोरडी, किंचित कडू धूळ होती जी या गावच्या माणसाला कळतसुद्धा नाही, बाहेरचा शिंकतो तेव्हा कळते. ती कायद्याच्या त्या वाक्यापाशीच अडकली होती. आखाडा बाळापुरात सोनाजी नावाचा एक माणूस होता, ज्याच्याशी तिचं लग्न झालं होतं आणि कधी मोडलं नव्हतं, म्हणजे कागदावर मोडलं नव्हतं. त्यानं दुसरं घर मांडलं, त्याला दोन लेकरं झाली, आणि ती चार वर्षं सासूच्या शेजारी अंथरूण टाकून शेवटी इकडं आली. त्या माणसात तिचं हित होतं. तिनं प्रामाणिकपणे करून बघितलं. रस्त्याच्या कडेला थांबून, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून, तिनं सोनाजी मेला अशी कल्पना केली. फोन आला, कुणीतरी सांगितलं, झालं. काय हलतं आत? चेहरा नीट आठवत नव्हता. चपलेचा एक आवाज आठवत होता, टाच घासत चालायची सवय, आणि भात कालवताना बोटांच्या मधून शितं वर येऊ द्यायची पद्धत. ते शीत आठवून तिला जरा किळस आली आणि त्या किळसेखाली काहीच नव्हतं, रिकामी जमीन. मग तिनं बालाजी गेला अशी कल्पना करायला घेतली आणि ती पहिल्याच पावलावर मोडली. शिला पायरीवरून उठून उभी राहिली. म्हणजे नुकसान कशाला म्हणतात ते तिला कळत होतं. कायद्याला ते उलट कळत होतं, किंवा कायद्याला कळण्यासारखं काही कुणी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या आधी अर्धा तास गेली. सर एकटेच चहा घेत होते. "सर, मला माझाच विमा काढायचा असंल तर?"

"आहाहा! पहिली पॉलिशी स्वतःची, एजंट असाच पाहिजे." त्यांनी प्रस्ताव अर्ज पुढ्यात ओढला. "स्वतःच्या आयुष्यात माणसाचं हित अमर्याद असतं, तिथं कुणी काही विचारू शकत नाही. फक्त रक्कम किती द्यायची ते कंपनी उत्पन्नावर ठरवते. वर्षाचं उत्पन्न?"

"शून्य."

सरांचं पेन त्या चौकोनावर अधांतरी थांबलं. "नवऱ्याचं लिहू?"

"त्यांचं मला म्हाईत न्हाई."

"भावाचं? कुटुंबाचं म्हणून?"

"भाऊ म्हणंल तर." मग ती म्हणाली, "सर, तुमी काल म्हणला, मालकाचं कामाच्या माणसात हित असतं. मी कांडपावर काम करते. एकोणीस वर्षं झाली. मी गेले तर कांडप बंद पडतं, हे खरं हाये. मग माझं उत्पन्न शून्य कसं?"

उत्तमसिंग सरांनी पेनाला टोपण लावलं. "पगार मिळतो का?"

"न्हाई."

"मिळाला पाहिजे," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि कागदावर पाहिजे. कागदावर नाही ते आमच्या धंद्यात नाहीच." त्यांनी अर्ज मिटला नाही, तसाच तिच्याकडं सरकवला. ती तो घेऊन आली. चौकोन कोरा होता. चार-पाच दिवस तो वहीत राहिला आणि ती यंत्रापाशी उभी राहून त्याचा विचार करत राहिली. तिला कधी पैशाची वाण पडली नव्हती. साडी मागायच्या आधी यायची, दवाखाना झाला तर बालाजी स्वतः घेऊन जायचा, कोमल, त्याची बायको, ताटात आधी तिला वाढायची. काय कमी होतं ते तिला बोटानं दाखवता आलं नसतं, आणि तेच तिला टोचत होतं. चांगुलपणात गुंडाळून ठेवलेली वस्तू मोजता येत नाही. यंत्र गरगरत होतं. उलट्या हातानं ती खाली पडणाऱ्या पुडीची ऊब बघत होती. पूड जास्त तापली की हळदीचा वास जळतो, रंग काळसर पडतो, मग थोडं थांबायचं, दगड निवू द्यायचे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हे बालाजीला अजून येत नव्हतं. तो घाई करायचा. एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तिनं मोटार बंद केली आणि तो आवाज उतरत जाऊन पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली.

"बालाजी, मला पगार लाव."

तो गल्ल्यातल्या चिठ्ठ्या लावत होता. हसला. "काहून, काही पायजे का? किती पायजेत?"

"पैसे न्हाई. पगार. दर महिन्याला, आणि तसं लिहून. कामाचं माणूस म्हणून."

आता त्यानं मान वर केली. "कामाचं माणूस? अक्का, तू काय बोलून राहिली? बहिणीला नोकर म्हणून लिहू मी?"

"व्हय, लिही."

"लोक तोंडात शेण घालतील माझ्या. बहिणीला घरात ठेवली अन् तिच्याकडून मजुरी करून घेतली, असं म्हणतील."

"एकोणीस वर्षं लोकं बघून राहिले. काही म्हणले?"

"तुला काय कमी केलं मी?" त्याचा आवाज चिरकला. तो रागावला नव्हता, दुखावला होता, आणि दुखावलेल्या बालाजीपुढं ती आजवर दर वेळी मागं सरली होती. तो लहान असताना असाच ओठ काढायचा आणि ती आपल्या हातातलं त्याला देऊन टाकायची. तिचा हात आताही काही देऊन टाकायला शोधू लागला. मोटारीचं बटण सापडलं. तिनं ते दाबलं नाही.

"काही कमी केलं न्हाई. म्हणूनच म्हणते. बहीण म्हणून मी तुझी कायद्यात कुणी न्हाई, असं सर म्हणले. तुझ्यावर पडलेली बाई, एवढंच. मी पडलेली न्हाई, बालाजी. उभी हाये, या इथं." तिनं यंत्रापुढची जागा पायानं दाखवली, तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा झिजून गुळगुळीत झाली होती. "एक तारखेपर्यंत लिहून दे. न्हाई तर मी अय्याजभाईच्या कांडपावर जाईन."

हे शेवटचं वाक्य तिनं ठरवून आणलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि निघाल्यावर ते खरं आहे हे तिला समजलं. अय्याजचं मसाल्याचं कांडप मोंढ्याच्या दुसऱ्या तोंडाला होतं, मोठं, तीन यंत्रांचं. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तो हसत म्हणाला होता, आपा, तुमच्यासारखी नाक असलेली बाई माझ्याकडं असती तर माझा माल कधी परत आला नसता. सगळे हसले होते. बालाजीही.

एक तारीख आली. बालाजीनं काही लिहिलं नाही. त्याला वाटलं असावं, राहील, विसरेल. शिलानं सकाळी सातला शटर उघडून दिलं, यंत्र झाडलं, किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्या आणि ती मोंढ्याच्या दुसऱ्या तोंडाला चालत गेली. अय्याज आधी घाबरलाच. "आपा, बालाजीभाऊ मला काय म्हणतील? आमचे बराबर संबंध हायेत." ती म्हणाली, "त्यांना सांगून आले. तुमी मला हजेरीवर घ्या, महिन्याला काय द्यायचं ते लिहा आणि मला त्याची एक नक्कल द्या." तो आत जाऊन हजेरीचं लांबट रजिस्टर घेऊन आला. बारा हजार म्हणाला. तिनं घासाघीस केली नाही. त्यानं नाव लिहिलं आणि पुढं पहिल्या चौकोनात एक छोटा 'ह' काढला. हजर. त्या एका अक्षराकडं ती जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत राहिली. इतकी वर्षं ती रोज हजर होती आणि हे कुणी कुठं लिहिलं नव्हतं.

घर मात्र तेच होतं. संध्याकाळी ती त्याच दारातून आत यायची, त्याच चुलीपुढं भाकरी थापायची, बालाजी ताटावर बसायचा आणि दोघांच्या मधे न बोललेलं काहीतरी वाढलेलं असायचं. तो तिच्याकडं बघायचा नाही. तिला ते असह्य व्हायचं. किती सोपं होतं, एक शब्द बोलून सगळं मागं न्यायचं. उद्यापासून येते, एवढंच. रोज भाकरी उलटताना तो शब्द जिभेवर यायचा आणि रोज ती तो गिळायची, आणि सकाळी पुन्हा मोंढ्याच्या दुसऱ्या तोंडाला जायची. अय्याजच्या कांडपावर पहिल्या दिवसांत तिला काही सुचेना. यंत्रांचा आवाज वेगळा होता. घरच्या मोटारीच्या आवाजातलं दुखणं तिला डोळे मिटून कळायचं. इथं तीन आवाज एकात एक मिसळलेले, कुणाचं काय दुखतं पत्ता लागेना. तिसऱ्या दिवशी लागला. मधल्या यंत्राचा दगड एका बाजूनं झिजला होता. तिनं सांगितलं, अय्याजनं माणूस बोलावला, ते खरं निघालं. "आपा, हे मला दोन महिने तकलीफ देऊन राहिलं होतं," तो म्हणाला आणि दुपारी स्वतः चहा घेऊन आला. ती तो चहा उभ्यानं प्यायली. तिला मान ताठ करून प्यावासा वाटला, आणि लगेच त्याच घोटात घरच्या कांडपाची आठवण येऊन कडवटपणा आला. तिथं आत्ता कोण पुडीची ऊब बघत असेल. कुणी नसेल. हे तिला पक्कं माहीत होतं आणि त्याचा तिला आनंद होत नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी नळावर कोमल तिच्याशेजारी घागर लावून उभी राहिली. आठ दिवस कोमल धुसफुसत होती, गल्लीत लोक हसून राहिले असं दोनदा ऐकवूनही झालं होतं. आता ती पाण्याच्या धारेकडं बघत म्हणाली, "अक्का, कुरुंद्याचं गिऱ्हाईक पोतं वापस घेऊन गेलं. पूड जळली म्हणे."

शिलानं आपली भरलेली घागर बाजूला ओढली.

"अक्का, त्या तुमच्या अर्जात… माझ्या नावापुढं बी काही नसंलच ना? पाकिटं मी भरते, चिठ्ठ्या मी चिकटवते. गृहिणी लिहीत असतील."

"व्हय. गृहिणी."

"मंग मी म्हणते यांना," कोमल म्हणाली आणि घागर उचलून कमरेवर घेतली. काय म्हणते, कधी म्हणते, हे शिलानं विचारलं नाही. त्या दोघींत असं बोलणं यापूर्वी कधी झालं नव्हतं; एकमेकींना ताटात आधी वाढण्याच्या शर्यतीत एवढी वर्षं गेली होती.

मधल्या एका दिवशी ती एसटीनं नांदेडला जाऊन परीक्षा देऊन आली. संगणकापुढं पन्नास प्रश्न. अठ्ठाविसावा प्रश्न हिताचा होता, पुढील कोणत्या नात्यात विमायोग्य हित गृहीत धरलं जात नाही, आणि चार पर्यायांत तिसरा होता, भाऊ-बहीण. तिनं तो निवडला. बरोबर उत्तर होतं. मार्क मिळणार होता. पन्नासात एकोणचाळीस पडले. उत्तमसिंग सरांना फोन केला तर ते म्हणाले, "शाब्बास! आता तो चौकोन भरा."

चौकोन अय्याजच्या कागदावर भरता आला असता. तिच्याकडं नक्कल होती, शिक्का होता. ती दोनदा अर्ज घेऊन बसली आणि दोनदा तिनं तो परत ठेवला. तिला स्वतःशी लपवता येईना की तिला उत्पन्नाचा कुठला तरी कागद नको होता. तिला बालाजीच्या हातचा कागद पाहिजे होता. यात हट्ट किती आणि न्याय किती, हे तिनं मोजायचा प्रयत्न केला. दोन्ही होते. हट्ट थोडा जास्तच होता. असू दे, तिनं ठरवलं. आयुष्यात एवढा एक.

पंधराव्या दिवशी दुपारी बालाजी अय्याजच्या कांडपावर आला. सगळ्यांदेखत आला, हेच मोठं होतं. दारात उभा राहिला, अंगावर हळदीची धूळ, आणि शिलाला दिसलं की त्याची नखं पिवळी झाली आहेत. अय्याज खुर्ची पुढं करून बाजूला झाला. बालाजीच्या हातात कांडपाच्या नावाचा छापील कागद होता. त्यानं तो तिला दिला. त्याच्या अक्षरात लिहिलं होतं की शिलाबाई या आमच्या कांडपावर मदतनीस म्हणून काम करतात, दरमहा पगार बारा हजार. ती उभ्या उभ्या वाचू लागली. हल्ली ती कुठलाही कागद असाच वाचायची, एकेक शब्द मोडून.

"मदतनीस खोड," ती म्हणाली. "कोणाच्या मदतीला? तू माझ्या मदतीला असतो."

अय्याज तोंड फिरवून हसला. बालाजीच्या ओठाचा कोपरा हलला. त्यानं खिशातून पेन काढलं, अय्याजच्या टेबलावर कागद ठेवला. "मंग काय लिहू?"

"कांडपप्रमुख."

त्यानं लिहिलं. "कोमल म्हणते, तिचं बी लिहायचं," तो पुटपुटला. "परवापासून बोलून राहिली न्हाई माझ्याशी. आता चलती का?"

"अय्याजभाईला महिना सांगितलाय. तो भरून येते. सात ते तीन. तीननंतर माझी पॉलिशीची कामं. आणि रविवारी बंद."

"रविवारी बाजार असतो, अक्का."

"मंग दुसरा वार बघ. पण एक वार बंद."

मागं तीन यंत्रं गरगरत होती आणि तिला त्या आवाजातूनही त्याचा श्वास ऐकू येत होता, लहानपणी तापात यायचा तसा, तोंडानं. "बरं," तो म्हणाला. मग कागदावर खाली बोट ठेवून त्यानं विचारलं, "अय्याजभाईनं सांगितलं, रुजू तारीख लागती. कधीपासून लिहू? या महिन्यापासून?"

"न्हाई. आले तवापासून." तिला तारीख आठवली नाही. वर्ष माहीत होतं, ऋतू आठवत होता, पण दिवस त्या वेळच्या धुरळ्यात हरवला होता; त्या दिवसांकडं ती कधी मागं वळून बघत नसे. "दोन हजार सहा. एक सप्टेंबर धर. साधारण."

"एक सप्टेंबर न्हाई," बालाजी म्हणाला. तो कागदाकडं बघत होता, तिच्याकडं नाही. "करीच्या दिवशी आली तू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. एक पिशवी होती. आई म्हणाली, दोन दिवस राहील अन् जाईल. मी तवा कांडप घेऊन दीड महिना झाला होता, काही जमून राहिलं नव्हतं, यंत्र परत करायचं ठरवलं होतं मी. रात्रभर तू झोपली न्हाई. सकाळी मी उठलो तर शटर उघडं. तू पट्टा चढवून उभी होती. मला म्हणली, पोतं आण."

शिलाला हे काहीच आठवत नव्हतं. पोतं आण म्हटल्याचं नाही, पट्ट्याचं नाही. तिला फक्त एवढं आठवत होतं की त्या घरात कुणी तिला काही विचारू नये म्हणून काहीतरी मोठ्या आवाजाचं हवं होतं. ते कुणाला उपयोगी पडलं असेल हे तिच्या गावीही नव्हतं. आणि हा एवढा दिवस, एवढी सकाळ, तो गल्ल्यावर बसून जपत होता, न बोलता, एकोणीस वर्षं.

"कर चोवीस ऑगस्टला होती," बालाजी म्हणाला. "पण काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. पंचवीस." त्यानं पेन टेकवलं. आकडे काढताना तो शाळेतल्या मुलासारखा थांबत थांबत लिहीत होता, पंचवीस, आठ, दोन हजार सहा, आणि लिहून झाल्यावर त्यानं खाली सही केली आणि सहीच्या आधी, तिनं न सांगता, एक शब्द घातला. मालक. मग कागद तिच्यापुढं धरला.

तिनं तो पहिल्या ओळीपासून वाचला. डोळ्यांत पाणी होतं, पण अक्षरं दिसत होती. वाचून झाल्यावर तिनं कागद दुमडला नाही. शाई ओली होती. ती तो हातात सपाट धरून वाळेपर्यंत उभी राहिली, मग अय्याजला म्हणाली, "भाई, मधलं यंत्र तापून राहिलं, थोडं बंद करा," आणि वहीतून अर्ज काढून टेबलावर पसरला. उत्पन्नाच्या चौकोनात तिनं आकडा लिहिला. त्याच्या वरच्या ओळीत व्यवसाय होता. तिथं तिनं एक शब्द लिहिला, स्वल्पविराम दिला आणि दुसरा लिहिला. कांडपप्रमुख, विमा प्रतिनिधी.